ट्रान्स्क्रिप्शन की स्कोपिंग?

अमेरिकेत घरबसल्या करता येणाऱ्या लेखनव्यवसायांत ट्रान्स्क्रिप्शन व स्कोपिंग यांची नावे बहुधा एकत्र घेतली जातात. दोहोंचेही साध्य उच्चारित शब्दांचा विश्वसनीय लेख हेच होय. भेद आहे तो हाती येणाऱ्या सामग्रीचा.

ट्रान्स्क्रिप्शन करणाऱ्यापुढे केवळ ध्वनिमुद्रण असते. ते ऐकून सर्व मजकूर तो स्वतः टंकलिखित करतो. मोबदला सामान्यतः ध्वनिमुद्रणाच्या मिनिटांवर ठरतो. स्कोपिस्टाकडे मात्र अर्धसिद्ध लेख येतो. न्यायालयीन लघुलेखक स्टेनोटाइप यंत्राच्या अनेक कळा एकदम दाबून शब्द टिपतो; तेथील राष्ट्रीय संघटनेच्या आर.पी.आर. प्रमाणपत्रासाठी साक्ष मिनिटास 225 शब्दांच्या वेगाने टिपावी लागते. संगणक त्या खुणांचे लघुलेखकाच्या शब्दसंग्रहावरून इंग्रजीत रूपांतर करतो. एखादी कळ चुकली, किंवा शब्द संग्रहात नसला, की निरर्थक अक्षरे उमटतात. मूळ खुणा वाचून व ध्वनिमुद्रणाशी ताडून हा लेख शुद्ध करणे, हे स्कोपिस्टाचे काम. त्याचा मोबदला पृष्ठांवर मोजतात.

यास्तव पहिल्या व्यवसायात प्रवेश सुलभ आहे. पण वाणी ओळखणाऱ्या संगणकाशी स्पर्धाही थेट आहे. दुसऱ्यासाठी यंत्रलिपीचा अभ्यास व महाग संगणकप्रणाली लागते, आणि उपजीविका मोजक्या लघुलेखकांवर अवलंबून राहते.

साक्षीतील एक नकारार्थी शब्द गळाला, तरी अर्थ उलटतो. लेखाच्या अचूकतेचा दाखला लघुलेखक देतो हे खरे. परंतु तो दाखला स्कोपिस्टाच्या दक्षतेवरही विसंबतो. म्हणून निवडीची खरी कसोटी टंकनाचा वेग नव्हे, तर संशयित शब्दापाशी थांबण्याची वृत्ती ही होय.