टेस्ट रनर म्हणजे काय? पायथॉन स्वतःचीच परीक्षा कशी घेतं

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा फोनवर तुम्ही पायथॉनचा प्रोग्राम लिहिला आणि उत्तर चुकलं, तर पहिला संशय कोणावर जातो? स्वतःच्या कोडवर. ‘पायथॉनलाच बेरीज येत नसेल’ असं कोणाच्या मनातही येत नाही. पण हा विश्वास आपोआप आलेला नाही. पायथॉनच्या कोडमध्ये कोणीही बदल सुचवला, की तो आत घेण्याआधी पायथॉनची पूर्ण परीक्षा होते. ही परीक्षा घेणाऱ्या प्रोग्रामला टेस्ट रनर म्हणतात. पायथॉनच्या रनरचं नाव आहे रेग्रटेस्ट. तो कसा चालतो आणि तो सुधारायला लोक एवढी डोकेफोड का करतात, ते आज बघूया.

टेस्ट वेगळी, रनर वेगळा

टेस्ट म्हणजे एक छोटा प्रश्न, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. ‘ही यादी सॉर्ट केली तर अशीच यायला हवी.’ आली तर पास, नाही तर फेल. पायथॉनमध्ये अशा टेस्टच्या ४०० हून जास्त फायली आणि फोल्डर आहेत आणि प्रत्येकात डझनावारी, कधी शेकड्यांनी टेस्ट असतात.

आता एवढ्या टेस्ट चालवणार कोण? कोणत्या क्रमाने? एखादी अडकली तर किती वेळ थांबायचं? एखादीने अख्खा प्रोग्रामच पाडला तर बाकीच्यांचं काय? ही सगळी जबाबदारी रनरची. टेस्ट म्हणजे प्रश्नपत्रिका, तर रनर म्हणजे परीक्षा केंद्र. प्रश्नपत्रिका कितीही चांगली असू दे, केंद्रावर गोंधळ असेल तर निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आठ शिक्षक आणि एक जाड गठ्ठा

पहिली अडचण वेळेची. सगळ्या टेस्ट एकामागून एक चालवल्या तर खूप वेळ जातो आणि तेवढा वेळ बदल करणारा माणूस ताटकळत बसतो. म्हणून रेग्रटेस्टमध्ये ‘जे’ नावाचा पर्याय आहे. त्याला आकडा द्यायचा, तेवढे कामगार म्हणजे वर्कर प्रोसेस एकाच वेळी कामाला लागतात. शून्य दिलं तर कॉम्प्युटरमध्ये किती कोअर आहेत ते बघून रनर स्वतःच आकडा ठरवतो.

पण आठ कामगार लावले म्हणजे काम आठपट लवकर होतं का? नाही. पेपर तपासणी डोळ्यांसमोर आणा. आठ शिक्षक बसलेत, पण गठ्ठे सारखे नाहीत. सगळ्यात जाड गठ्ठा एकाच्या वाट्याला आला, की बाकीचे सात चहा पीत बसतात आणि निकाल त्या एकासाठी अडतो. पायथॉनमध्ये असिंकआयओ आणि मल्टिप्रोसेसिंगच्या टेस्ट हे असे जाड गठ्ठे होते. २०२३ मध्ये रेग्रटेस्टवर बरंच काम झालं. त्यात असे गठ्ठे फोडून त्यांचे छोटे तुकडे वेगवेगळ्या कामगारांकडे जातील अशी सोय झाली. सीपायथॉनचे कोअर डेव्हलपर व्हिक्टर स्टिनर यांचा या कामात मोठा वाटा आहे.

यातून एक साधा धडा मिळतो. आधी सगळ्यात हळू टेस्ट कोणती ते मोजा, मगच मशीन वाढवा. रेग्रटेस्ट विचारल्यावर सगळ्यात हळू दहा टेस्टची यादीच देतो.

आधीच्याचं खरकटं, पुढच्याच्या ताटात

वेगळ्या प्रोसेसचा दुसरा फायदा वेगापेक्षाही मोठा आहे. समजा एका टेस्टने चालू फोल्डर बदलला आणि परत मूळ जागी आणला नाही. पुढची टेस्ट फाईल शोधते, सापडत नाही, फेल होते. चूक पहिलीची, शिक्षा दुसरीला. याच्या उलट प्रकार जास्त घातक आहे. दुसरी टेस्ट केवळ पहिलीच्या खरकट्यामुळे पास होते आणि खरा बग झाकलेला राहतो.

रेग्रटेस्ट यावर तीन उपाय करतो. कामगार लावलेले असताना प्रत्येक टेस्ट फाईल ताज्या पायथॉन प्रोसेसमध्ये चालते. टेस्टच्या आधी आणि नंतर चालू फोल्डर, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, इम्पोर्टचे रस्ते अशा गोष्टी तपासल्या जातात आणि फरक दिसला तर ‘या टेस्टने वातावरण बदललं’ असा वेगळा शेरा मिळतो. शिवाय क्रम मुद्दाम पिसताही येतो. पत्ते पिसताना वापरलेला सीड क्रमांक रनर छापतो, म्हणजे गडबड सापडली तर अगदी तोच क्रम पुन्हा लावता येतो.

लहरी टेस्ट: खरी डोकेदुखी

आता मुख्य मुद्दा. काही टेस्ट लहरी असतात. कोड तोच, मशीन तेच, पण आज पास, उद्या फेल. बऱ्याचदा कारण वेळेचं असतं. टेस्टमध्ये लिहिलेलं असतं, ‘एक सेकंद थांब, मग उत्तर बघ.’ डेव्हलपरच्या वेगवान लॅपटॉपवर एक सेकंद भरपूर. पण एकाच वेळी दहा कामं करणाऱ्या सर्व्हरवर तोच सेकंद कमी पडतो.

यावर सोपा उपाय कोणता? फेल झालेली टेस्ट पुन्हा चालवायची. रेग्रटेस्टमध्ये ‘रीरन’ पर्याय नेमकं हेच करतो. फेल झालेल्या टेस्ट पुन्हा, ताज्या प्रोसेसमध्ये, प्रत्येक पायरी छापत चालतात. दुसऱ्यांदा पास झाली तर सगळं हिरवं.

इथेच खरा धोका आहे. लहरीपणा दर वेळी टेस्टचाच असतो असं नाही. कधी कधी तो मूळ कोडमध्ये असतो. दोन थ्रेड एकाच डेटावर एकाच वेळी हात मारतात आणि शंभरातून एकदा गडबड होते. टेस्टने ते पकडलं होतं, पण आपण पुन्हा चालवून तिला गप्प केलं. मग ती शंभरातली एक वेळ लाखो लोकांच्या सर्व्हरवर येते. उलट पुन्हा चालवायचंच नाही असं ठरवलं तर बोर्ड कायम लाल राहतो. कायम लाल असलेल्या बोर्डाकडे कोणी बघत नाही, रोज वाजणाऱ्या कार अलार्मसारखं. मी काम केलेल्या एका टीममध्ये ‘अरे, ती टेस्ट तशीच आहे, दे दाबून पुन्हा’ हे वाक्य रोज ऐकू यायचं. त्या वाक्याने टेस्टची किंमत शून्य होते.

रेग्रटेस्टने मधला रस्ता काढला. पहिल्यांदा फेल आणि नंतर पास झालं, तर निकालात नुसतं ‘पास’ येत नाही. ‘आधी फेल, मग पास’ असं स्पष्ट छापलं जातं. २०२३ मध्ये त्यात आणखी एक पर्याय आला. अशा वेळी रनर यशाचा कोड न देता वेगळा कोड देऊन थांबतो. म्हणजे पायथॉन तपासणाऱ्या मशीनवर ही गोष्ट हिरव्या रंगात हरवत नाही. काम अडत नाही आणि पुरावाही पुसला जात नाही.

जोडीला टेस्टच दुरुस्त करणं आलंच. ‘एक सेकंद थांब’ ऐवजी ‘हवी ती गोष्ट होईपर्यंत मध्ये मध्ये बघत राहा, पण अमुक वेळेपलीकडे नको’ असं लिहायचं. यासाठी पायथॉनच्या टेस्टमध्ये तयार फंक्शन आहेत आणि थांबण्याच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत, उदाहरणार्थ छोटी ३० सेकंद, मोठी ५ मिनिटं.

अडकलेली टेस्ट आणि गळणारी मेमरी

काही टेस्ट फेल होत नाहीत, नुसत्या लटकतात. वेळ संपल्यावर प्रोसेस मारून टाकली तर कारण कधीच कळत नाही. म्हणून रेग्रटेस्ट मरण्याआधी प्रत्येक थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर उभा होता ते छापायला लावतो.

मेमरीची गळती पकडायची युक्ती तर मला फारच आवडते. पायथॉन प्रत्येक ऑब्जेक्ट किती जण वापरतायत ते मोजत असतं. रनर एकच टेस्ट सहा वेळा चालवतो. पहिल्या तीन वेळा फक्त गाडी गरम करायला, पुढच्या तीन वेळा मोजणी. प्रत्येक फेरीत आकडा थोडा थोडा वाढतोय? म्हणजे कुठेतरी नळ गळतोय. नेमकी टेस्ट शोधायला एक वेगळी कमांड आहे. ती निम्म्या टेस्ट निवडून बघते, दोष अजून दिसला तर त्यातल्या निम्म्या. हजार टेस्टसुद्धा दहा वेळा अर्ध्या केल्या की एकावर येतात.

यात तुमच्या फोनचा काय संबंध?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ पासून अँड्रॉइड आणि आयओएस हे दोन्ही अधिकृत प्लॅटफॉर्म आहेत, तिसऱ्या पातळीच्या सपोर्टचे. म्हणजे परीक्षा आता फोनवरही होते, एका छोट्या चाचणी ॲपच्या आत. पण आयफोनवर ॲपला दुसरी प्रोसेस सुरू करता येत नाही. मग कामगारांची सगळी युक्तीच बाद! म्हणून तिथे रेग्रटेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालवतात. वर सांगितलेला खरकट्याचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो आणि टेस्टने स्वतःचं ताट स्वतः उचलणं आणखी गरजेचं होतं.

स्वतः करून बघा

अँड्रॉइडवर टर्मक्स असेल तर त्यात पायथॉन टाका. युनिटटेस्ट मॉड्यूल सोबतच येतं. पहिली टेस्ट म्हणून हे तपासा: इंट फंक्शनला देवनागरी अंकांतली ‘४२’ ही स्ट्रिंग दिली तर बेचाळीस मिळतात का? (मिळतात!) मग अजून चार-पाच टेस्ट लिहा आणि त्यांचा क्रम उलटा करून चालवा. एखादी फेल झाली तर लगेच पुन्हा चालवू नका. आधी फेल झालेल्या ओळीचा स्क्रीनशॉट घ्या, कारण दुसऱ्या फेरीत ती पास झाली तर तुमच्याकडे तेवढाच पुरावा उरेल.