ज्वारी अंगी लागावी म्हणून

गैरसमज: धान्य जितकं शिजेल तितकं जास्त अंगी लागतं.

स्टार्चपुरतं हे खरं आहे. ज्वारीतल्या प्रथिनांचं मात्र उलटं होतं. त्यांतलं मुख्य प्रथिन काफिरिन, दाण्यात ते सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात असतं. ज्वारी पाण्यात शिजली की गोळ्यांच्या बाहेरच्या थरातली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी एकमेकांत घट्ट गुंततात आणि जठरातल्या पेप्सिन या पाचक विकराला आत शिरकाव मिळत नाही. १९८१ मध्ये पेरूतल्या लहान मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्वारीच्या लापशीतलं प्रथिन ४६ टक्केच पचलं होतं, गव्हाचं ८१ टक्के. हा आकडा लापशीचा आहे. तो दाखवून भाकरी ताटातून काढायला सांगणारे मला पटत नाहीत.

गैरसमज: आंबील म्हणजे नुसता उन्हाळ्यातला थंडावा.

रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवतात. सकाळी वर बारीक बुडबुडे आलेले असतात, आंबूस वास सुटलेला असतो. मग ते आधणात ओतायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. वरून ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. त्या एका रात्रीत ताकातले जिवाणू आम्ल तयार करतात, काफिरिनची रचना सैलावते आणि पुढे शिजवल्यावरही ते पेप्सिनच्या हाती लागतं. आधी आंबवणं, मग शिजवणं, हा क्रमच महत्त्वाचा. सुदानमधली किस्रा ही ज्वारीची पातळ पोळीही आंबवलेल्या पिठाचीच असते.

गैरसमज: पचलं म्हणजे प्रथिन पुरं पडलं.

ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळातच कमी. ती उणीव नुसत्या आंबवण्याने भरत नाही. डाळीत आणि ताकात लायसिन भरपूर असतं, म्हणून भाकरीसोबत पिठलं किंवा वरण हवंच.

गैरसमज: मोड आणले की कुठलंही धान्य उत्तमच.

मोडांमुळे प्रथिनं पचायला मदत होते, पण ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं आणि त्यापासून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती यानेच. म्हणून मटकीसारखी मोडाच्या ज्वारीची उसळ करू नये. सत्त्वासाठी मोड आणलेच, तर दाणे कडक वाळवून, चोळून, कोंब आणि मुळ्या पाखडून टाकाव्यात आणि मगच दळावं.