एसटीनं जा, दुसऱ्या बाजूला उतरा

कल्याणहून आळेफाट्याकडे निघालेल्या एसटीत ‘खुबी फाटा’ म्हटलं की कंडक्टर आधी पाठीवरची सॅक बघतो आणि मग तिकीट देतो. हरिश्चंद्रगडाला जाणारी मंडळी इथंच उतरतात, हे त्या मार्गावरच्या कंडक्टरला सांगावं लागत नाही. माळशेज घाट चढून गाडी सपाटीला लागली की थोड्याच वेळात हा फाटा येतो. इथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून, पाणी सोबतीला घेऊन, साधारण पाच किलोमीटर चाललं की खिरेश्वर. हंगामात या जलाशयावर रोहित पक्षी उतरतात. हा टप्पा ‘नुसता सपाट’ म्हणून गाडीतून उरकणारे बरेच आहेत. माझ्या मते गडाचा सगळा विस्तार डोळ्यांत मावतो तो याच भिंतीवरून. पुढं पायथ्याशी गेल्यावर दिसतो तो फक्त समोरचा चढ.

एसटीनं डोंगरात जाणं म्हणजे स्वस्तातला पर्याय, अशी एक समजूत आहे. स्वस्त ते आहेच. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर 2022 पासून पैसेच पडत नाहीत. पण खरा फायदा वेगळाच आहे. स्वतःची गाडी घेऊन गेलेला माणूस दाव्याला बांधलेल्या गुरासारखा असतो. कितीही चढला, भटकला तरी संध्याकाळी त्याच गावात, त्याच झाडाखाली परत. एसटीनं गेलेल्याला ही सक्ती नाही. तो एका खोऱ्यातून चढतो आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. सह्याद्रीतले बरेच घाट आणि खिंडी या अशाच ये-जा करण्याच्या वाटा होत्या. चढायचं तिथूनच उतरायचं, ही पद्धत पार्किंगनं आणली.

हरिश्चंद्रगडाइतकं याचं चांगलं उदाहरण दुसरं नाही. 1424 मीटर उंचीचा हा डोंगर तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर बसला आहे. खिरेश्वर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, पाचनई नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात आणि कोकणकड्याच्या तळातलं बेलपाडा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडमध्ये. म्हणजे गड एक आणि आगारं निरनिराळी. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट अवघड आहे, माहितगार आणि दोर बरोबर नसताना तिच्या नादी लागू नये. बाकीच्यांसाठी खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरणं उत्तम.

खिरेश्वर सोडण्याआधी गावाबाहेरचं नागेश्वराचं कोरीव मंदिर बघून घ्यावं. पुढं झाडीतून तोलार खिंड लागते. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, तिथं दम खाऊन डावीकडचा कातळटप्पा चढायचा. रेलिंग आहेत, त्यामुळं पूर्वीइतकी धास्ती राहिलेली नाही. चकवा खरा त्याच्या वर आहे. टेकड्यांमागून टेकड्या येतात, ‘हीच शेवटची’ असं प्रत्येक टेकडीवर वाटतं आणि धुकं असलं तर ढोरवाटा माणसाला खुशाल भलतीकडे घेऊन जातात. इथं दगडावरचे बाण शोधत, सावकाश चालावं. मग एकदम खाली हरिश्चंद्रेश्वराचा कळस दिसतो. शेजारी पुष्करणी आणि पाण्यात उभं शिवलिंग असलेली केदारेश्वराची गुहा. गुहेच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. इथून कोकणकडा जेमतेम अर्ध्या तासावर. उन्हं कलायच्या वेळी कड्यावर असलात तर बाकी काही पाहायचं राहिलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरायचं. ही गडावरून खाली येणारी सर्वांत सोपी वाट. कड्याच्या कपारीखालून, ओढ्याच्या सोबतीनं दोन-अडीच तासांत गाव येतं. पाचनईहून राजूर, राजूरहून अकोले, संगमनेर. तिथून पुणं काय, नाशिक काय. खिरेश्वरला गाडी लावून आलेला गडी मात्र या वेळी पुन्हा तोलार खिंडीकडं तोंड करून त्याच टेकड्या मोजत असतो.

आता गावच्या एसटीचं वेळापत्रक. ते आपल्यासाठी केलेलं नाही, हे एकदा मान्य केलं की निम्मा मनस्ताप वाचतो. आडगावच्या गाड्या चालतात त्या शाळा, बाजार आणि तालुक्याची कामं यांच्या हिशेबानं. शाळेच्या वेळेची फेरी रविवारी किंवा सुट्टीत नसण्याचीच शक्यता जास्त, आणि आपण तर नेमके रविवारी जातो! म्हणून उतरायची बाजू शनिवारी आणि चढायची बाजू शुक्रवारी रात्री जमवता आली तर बघावं. डोंगर चढणाऱ्यासाठी सगळ्यांत कामाची ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे गाडी तालुक्याला सुटते. तिनं गेलं की रात्री पायथ्याशी, उजाडता चढाईला. पण या फेऱ्या बदलतात, पावसाळ्यात रस्ता खचला की बंदही होतात. तिकीट बुक करण्याच्या ॲपवर त्यांचा भरवसा धरू नये. आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारावं, आणि त्याहून पक्की बातमी हवी असेल तर पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवायचं ठरवलंय त्यांनाच फोन करावा. गाडी चुकली तर जीप असते, ती भरली की सुटते.

तळं आणि डोंगर दोन्ही हवं असणाऱ्यानं भंडारदऱ्याची वाट धरावी. इगतपुरी किंवा घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटी वाटेत बारीला थांबते. बारी म्हणजे कळसूबाईचा पायथा. 1646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. लोखंडी शिड्या आहेत, गर्दीही आहे. तिथं दिवस काढून पुढच्या गाडीनं भंडारदरा गाठता येतं. गाडीतून उतरायचं ते शेंडी गावात. 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण गावाला लागूनच आहे. धरणाच्या मागं पसरलेल्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं हेमाडपंती देऊळ, मागं रतनगड, आणि गडावरच प्रवरेचा उगम. रतनवाडीहून शिड्यांनी चढून गडाच्या माथ्यावरच्या नेढ्यात बसावं, भंडारदऱ्याचं पाणी खाली आरशासारखं नव्हे, चांगलं वाऱ्यानं विस्कटलेलं दिसतं. मग त्र्यंबक दरवाजानं साम्रदला उतरावं. साम्रदला सांदण दरी आहे. पावसाळ्यात तिच्यात अजिबात शिरू नये. हा सगळा टापू 1986 पासून अभयारण्य आहे, त्यामुळं प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावसाळ्यात काही ठिकाणी मनाईचे आदेशही निघतात.

पुणेकरांना हाच प्रकार घराजवळ हवा असेल तर राजगड-तोरणा आहेच. गुंजवण्याहून राजगड, संजीवनी माचीवरून उतरून धारेनं तोरण्याची बुधला माची, खाली वेल्हे. मधल्या धारेवर पाण्याची बोंब, तेवढं पुरेसं बरोबर घ्यावं. वेल्ह्याहून स्वारगेटची गाडी मिळते.

वासोट्याला मात्र हे दोन टोकांचं गणित चालत नाही. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीपर्यंत एसटी आहे, पण पुढं कोयनेचा शिवसागर जलाशय आडवा येतो. धरणानं गावं उठवली, जुने रस्ते पाण्याखाली गेले. आता लाँचनं पायथ्याला जायचं, वन खात्याची परवानगी घ्यायची, दाट जंगलातून चढायचं आणि अंधाराच्या आत त्याच लाँचनं परत. पावसाळ्यात गड बंद असतो. लाँचचं भाडं बोटीमागं ठरतं, माणसामागं नाही. त्यामुळं दोघातिघांनी जाणाऱ्यांनी धक्क्यावर दुसऱ्या एखाद्या गटाला विचारावं, बहुतेक वेळा जमतं. आणि साताऱ्याला जाणारी शेवटची एसटी कितीला आहे, ते लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी विचारून घ्यावं; परतायला उशीर झाला तर मुक्काम बामणोलीतच.