मनगटावरचा पहारेकरी

रात्रभर जागून तुमच्या झोपेचा हिशेब ठेवणारा पहारेकरी पाहिलाय का?

माझ्या भाच्याने तो हौसेने मनगटावर बांधला. फिटनेस बँड म्हणतात त्याला. भाचा जालन्यात सातवीला आहे. चौथ्याच दिवशी तो माझ्याकडे आला, तोंड एवढंसं करून. "मावशी, झोपेत मला १०० पैकी ६२च! आता रात्र झाली की भीती वाटते, नि झोपच येत नाही." मनगटावर लाल वळ उठलेला. पट्टा करकचून बांधला होता ना!

म्हटलं, बस. आधी या पहारेकऱ्याची ओळख करून घेऊ.

हात हलला की बँडला कळतं. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कातडीखालचं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून नाडी मोजली जाते. हात स्थिर, नाडी संथ, की बँड म्हणतो, 'झोपला!'

गंमत इथेच आहे. एका रात्री लाइट गेली. भाचा उकाड्यात तासभर जागाच, पण गुपचूप पडून होता. बँडने तो तासही झोपेत धरला!

खरी झोप कळते मेंदूवरून. १९५३ मध्ये अमेरिकेत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत मधूनमधून बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरतात. बरीच स्वप्नं तेव्हाच पडतात. झोपेची नीट तपासणी करताना डॉक्टर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहतात. बँड मेंदूपर्यंत पोचत नाही. त्याचे गुण म्हणजे अंदाज, परीक्षेचा निकाल नव्हे!

मग बँड घालायचा कसा? पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल इतका सैल. मनगटाच्या हाडाच्या थोडा वर. उजव्या हाताने लिहीत असाल तर डाव्या हातात. घाम पुसून, कातडी कोरडी करून. थरथर आणि पडद्याचा उजेड रात्री बंद. वळ उठला, खाज आली, तर सरळ काढून ठेवा. आणि मध्यरात्री गुण बघायचे नाहीत हं!

पालकहो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. लहानग्यांची झोप पुरी व्हावी म्हणूनच राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. पण रात्री ११ पर्यंत घरात टीव्ही नि मोबाइल चालू असेल, तर शाळा उशिरा भरून काय उपयोग?

भाच्याला मी एक वही दिली. कधी झोपलो, कधी उठलो, सकाळी ताजंतवानं वाटलं का, एवढंच लिहायचं. आठ दिवसांत त्यालाच उमगलं, की साडेनऊला झोपलं तर पहिल्या तासाला जांभया येत नाहीत.

तुमच्याकडे बँड नाही? काही बिघडत नाही. वही-पेन्सिल घ्या. वहीने वळ उठत नाही, नि तिला चार्जिंगही लागत नाही!