भिंतीपलीकडचा आवाज

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतून रात्री मारहाणीचा आवाज आला, की आई रेडिओ मोठा करी आणि म्हणे, "त्यांच्या घरातली गोष्ट आहे ती. आपण कशाला मध्ये पडा?" हे वाक्य मी कितीतरी वर्षे शहाणपणाचे समजत होतो. त्याचा खोटेपणा कळला तो अमेरिकेतल्या बेछूट गोळीबारांच्या हकीकती वाचायला बसलो तेव्हा.

अशी बातमी आली, की आपण म्हणतो, "असेल कुणी माथेफिरू!" माझाही तोच समज होता. पण माग काढत गेलो, तो पुन्हा पुन्हा जाऊन पोचलो कुणाच्या तरी घरात.

१ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने माणसे टिपली. जगाने तो मनोरा पाहिला. पण वर चढण्यापूर्वीच त्याने आपल्या आईचा आणि बायकोचा जीव घेतला होता. बायकोवर हात टाकल्याचे त्याने काही महिने आधी विद्यापीठातल्याच डॉक्टराला सांगितलेही होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच टेक्सासमधील सदरलंड स्प्रिंग्ज गावच्या चर्चमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्यांवर गोळीबार झाला. २६ बळी गेले; त्यांत एक आईच्या पोटातले मूल. मारेकऱ्याच्या सासूचे त्या चर्चमध्ये जाणे-येणे होते. पहिल्या बायकोला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारल्याबद्दल २०१२ मध्ये हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली होती. कायद्याने त्याला बंदूक मिळायलाच नको होती! पण हवाई दलाने ती शिक्षा सरकारी नोंदवहीत कळवलीच नाही, आणि दुकानात बंदूक विनाहरकत मिळाली.

२०१४ ते २०१९ या काळात चार किंवा अधिक माणसे ठार झालेल्या ११० गोळीबारांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरांतल्या सुमारे ६८ प्रकरणांत मारेकऱ्याने घरातल्याच कुणाला तरी मारले होते, नाहीतर घरच्यांना छळल्याचा त्याचा पूर्वेतिहास होता. बायकोला मारणारा प्रत्येक इसम बंदूक घेऊन निघतो, असा याचा अर्थ नव्हे. पण इशारा आधी घरातूनच मिळतो, आणि तो ऐकणारे बहुधा शेजारीच असतात.

चाळ गेली, रेडिओही गेला. परवा वरच्या मजल्यावरून तसाच आवाज आला. टीव्ही मोठा न करता मी रिकामी वाटी घेतली, वर गेलो, आणि घंटा वाजवून साखर मागितली. दार उघडेपर्यंत आवाज थांबला होता. वाटी परत करायच्या निमित्ताने सौभाग्यवती उद्या जाणार आहे. त्या बाईंशी बोलायला.