दह्याची वाटी आणि आतड्यांचा दाह

रमजान सुरू झाला की घराघरांत दह्याची मागणी वाढते. सेहरीला चपातीबरोबर दही, इफ्तारच्या दस्तरखानावर दहीवडे, तरावीहनंतर लस्सी किंवा ताक. उर्दूत ज्याला ‘जामन’ म्हणतात आणि मराठीत ‘विरजण’, त्या चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. अलीकडे त्यांच्या जोडीला औषधाच्या दुकानातल्या ‘प्रोबायोटिक’ कॅप्सूल आणि छोट्या बाटल्यांतली पेयेही आली आहेत. मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात, हे रोज घ्या, आतड्यांचा आजार होणार नाही. असला तर बरा होईल. या दाव्यात खरे किती?

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध त्यांच्या दह्याशी जोडला. त्यांना 1908 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली. त्यानुसार जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांचा आरोग्याला लाभ व्हायला हवा. घरच्या दह्यात कोणते जिवाणू किती आहेत, हे घरागणिक बदलते. कढी उकळली की तेही मरतात. म्हणून दही हे उत्तम अन्न आहे. त्याला औषध म्हणता येत नाही.

आता आजाराकडे पाहू. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी, हे दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे नाव आहे. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आनुवंशिकता, बिथरलेली प्रतिकारशक्ती, आतड्यांतले जिवाणू आणि राहणीमान यांच्या गुंतागुंतीतून तो उद्भवतो. अशा रुग्णांच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता कमी झालेली आढळते. मग बाहेरून चांगले जिवाणू दिले तर आजार टळेल, ही आशा स्वाभाविक आहे.

तिला थोडा आधारही आहे. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी अतिसाराच्या साथीतून सुखरूप राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई-कोलाय जिवाणूचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या 327 रुग्णांना वर्षभर एक तर हा वाण किंवा नेहमीचे मेसालाझिन दिले गेले. आजार उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, सुमारे एक तृतीयांश होते. मात्र हा एक विशिष्ट वाण होता, त्याची मात्रा ठरलेली होती आणि ते रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. त्यावरून कोणत्याही बाटलीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. क्रोन्समध्ये तर असा लाभ सिद्ध झालेला नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये सांगितले, की या दोन्ही आजारांत प्रोबायोटिक संशोधन-चाचणीपुरतेच वापरावे.

निरोगी माणसाने प्रोबायोटिक घेतल्याने आयबीडी टळतो, याला तर पुरावाच नाही. 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 36 निरोगी प्रौढांवरच्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली दाहाची काही लक्षणेही उतरली. दही-ताक आवडीने घ्यायला हे कारण पुरेसे आहे. पण दाहाची खूण उतरणे आणि आजार टळणे यांत मोठे अंतर आहे. टाळण्याजोग्या गोष्टींत धूम्रपान पहिले. त्याने क्रोन्सचा धोका वाढतो. लहानपणी वारंवार दिलेली अँटिबायोटिक्स आणि कारखान्यात तयार होणारे अतिप्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांचाही संबंध अभ्यासांत दिसतो.

खरी चिंता रमजानची आहे. रोजा आहे म्हणून गोळ्या बंद आणि सेहरीला दही चालू, असे काही रुग्ण परस्पर ठरवतात. बरे वाटत असते ते बहुधा गोळीमुळेच. ती थांबली की आजार उसळू शकतो. मेसालाझिन अनेकांना दिवसातून एकदाही देता येते. त्यामुळे इफ्तार किंवा सेहरीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवता येते, मात्र हे बोलणे चाँदरातीच्या आधी व्हायला हवे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रोबायोटिक कॅप्सूलही विचारूनच घ्यावी, कारण अशा शरीरात ते जिवंत जिवाणू क्वचित संसर्ग घडवू शकतात. एनिमाने रोजा तुटतो का, हे मुफ्तीसाहेबांना विचारावे; तो घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांना.

आजार भडकलेला असेल, जुलाबातून रक्त आणि पाणी जात असेल, तर उपवासाने शरीर आणखी सुकते. सूरह बकरहच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला रोजा सोडून नंतर तितके दिवस भरून काढण्याची मुभा आहे. बरे होण्याची आशाच नसेल, तर फिदियाचा मार्ग फुकहांनी सांगितला आहे. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे. ती घेणाऱ्याचा ईमान कमजोर ठरत नाही.

आपल्याकडे शौचातून रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिने काढले जातात. आठवडे चालणारे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, उतरणारे वजन, बारीक ताप, यांपैकी काही असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. आपल्या देशात आतड्यांचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. दोघांची औषधे वेगळी, आणि क्षय असताना क्रोन्सचे उपचार झाले तर तो बळावतो. म्हणून तपासणी न करता अंदाजाने घेतलेले कोणतेही औषध घातक ठरू शकते.

हा आजार बऱ्याचदा ऐन तारुण्यात सुरू होतो. धडधाकट दिसणारा मुलगा किंवा मुलगी रोजा ठेवत नाही, हे घरच्यांच्या लक्षात येते, आणि शौचाचा विषय सांगताना त्यांची जीभ अडखळते. अशा वेळी ‘रोजा का नाही?’ या प्रश्नाआधी ‘तब्येत बरी आहे ना?’ असे विचारायला हवे. कॅप्सूल काही करो न करो, हा प्रश्न त्या मुलाला वेळेत दवाखान्यात नेऊ शकतो.