तपासणाऱ्यांची तपासणी

चेन्नईच्या लोकलने तांबरमला जाताना आधी एक स्टेशन लागते, ‘तांबरम सॅनेटोरियम’. १९२८ मध्ये डॉ. चौरी मुथू यांनी येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम सुरू केले. त्या काळी घरात कुणाला क्षय झाला की त्याला महिनोन्‌महिने अशा ठिकाणी ठेवावे लागे. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवाचून रोगी बरा होत नाही, ही डॉक्टरांची ठाम समजूत होती.

१९५६ मध्ये मद्रासमध्येच ही समजूत पारखली गेली. सुमारे दोनशे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. औषधे सर्वांना तीच. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात. घरच्या रुग्णांना ना पुरेशी विश्रांती, ना तसा आहार. तरीही गुण जवळजवळ सारखाच आला! घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हा अहवाल सविस्तर आकड्यांसह छापला गेला. ज्याला शंका होती, त्याला ते आकडे ताडून पाहता आले. पुढे घरी राहून उपचार घेण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

पण प्रत्येक संशोधन इतके उघडपणे तपासले जाते का?

वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक आलेला लेख छापण्यापूर्वी दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतात. हे परीक्षक बहुधा निनावी असतात. त्यामुळे तरुण डॉक्टरही ज्येष्ठांची चूक निर्भयपणे दाखवू शकतो. मात्र त्याच पडद्याआड आकस, हितसंबंध आणि निष्काळजीपणाही लपू शकतो. शिवाय परीक्षकापुढे सहसा लेखच असतो, रुग्णांच्या मूळ नोंदी नसतात.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९२ मध्ये मुरादाबादहून आलेला, हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या आहारावरील लेख छापला. लवकरच शंका निघाल्या. पण त्या जाहीरपणे मांडायला २००५ साल उजाडले. मधली तेरा वर्षे वाचकांना त्याची कल्पना नव्हती.

याच नियतकालिकाने १९९९ पासून परीक्षकांची नावे लेखकांना कळवायला सुरुवात केली. २०१४ पासून संशोधनाबरोबर परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरेही ते प्रसिद्ध करू लागले.

तेव्हा ‘नवे संशोधन सांगते’ असे म्हणत कुणी तुमचे पथ्य बदलू लागले, तर जरूर विचारा: ते कुठे छापले, कुणी तपासले, पैसा कुणाचा? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध मात्र बंद करू नका.